दस्ती टाकलेली जागा

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण खरं सांगायचं तर चुका शोधायला वाचतो. वर्ध्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी हिशेबाचं काम करतो. कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती, घट किती... हे जुळल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. रुईच्या गाठी बांधायच्या आमच्या जुन्या प्रेस-हाऊसमध्ये भर दुपारी कोणीतरी नावानं हाक मारतं असं हमाल सांगायचे. मी मुद्दाम तिथंच खाट टाकून डुलकी घ्यायचो. मला कधी कोणी हाक मारली नाही. तेव्हा भुताखेतांच्या बाबतीत मी कोणत्या बाजूचा, हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

तरीही हे लिहितो आहे. चार वर्षं झाली, पण त्या दिवशी ऐकलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाही.

आधी माझ्या पत्नीबद्दल सांगावं लागेल. कुंदा. माहेर सेलू तालुक्यातलं, शेतकरी घर. तिला दागिन्यांची हौस नव्हती, सिनेमाची नव्हती. हौस एकच — एस.टी.त बसायची. सुट्टीच्या दिवशी सकाळी चहा देतानाच म्हणायची, "चला ना, केळझरले जाऊन येऊ."

"मागच्याच महिन्यात तर गेलतो."

"थे गणपतीसाठी गेलतो. गाडीसाठी कुठं गेलतो?"

वर्धा ते केळझर, टेकडीवर गणपतीचं दर्शन, आणि परत. तिला खिडकी लागायची. ज्या शेतांत तिचं लहानपण गेलं तीच शेतं ती खिडकीतून अशी पाहायची, जशी काही काश्मीरला निघाली आहे.

आणि जागा धरण्यात तिचा हात वर्धा स्टँडवर कोणी धरला नसता. गाडी वळण घेते न घेते तोच कुंदा पदर खोचून धावायची आणि खिडकीतून दस्ती आत टाकायची. (आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात.) एस.टी.चा अलिखित कायदा सगळ्यांना ठाऊक आहे, की दस्ती पडली म्हणजे जागा धरली. मग ती आत शिरून खिडकीशी बसायची, दस्ती शेजारच्या जागेवर सरकवायची आणि मी येईपर्यंत पहारा द्यायची. मला धक्काबुक्की जमत नाही. सगळे चढले की मी चढतो. तोवर आत रणधुमाळी चाललेली असे.

"माणूस येऊन राह्यला इथं!"

"कुठं हाये बाई तुमचा माणूस? आमी का बकऱ्या हावो?"

"थे तुमचं तुमाले ठाऊक. माहा माणूस खाली चष्मा पुसून राह्यला. थो पाहा, थो!"

मग अख्खी गाडी खिडकीतून मला पाहायची. मी खाली मान घालून आत यायचो, दस्ती उचलून बसायचो आणि हळूच म्हणायचो, "कुंदे, इतकं ओरडायची काय गरज असते?"

"मंग उभे राहा केळझरपरेंत. रात्री गुडघे मलेच चोळा लागते."

१९८० च्या पावसाळ्यानंतर ती काविळीनं गेली. आठ-दहा दिवसांचं दुखणं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

लिहायचं आहे ते त्यानंतरचं. ती गेल्यावर महिनाभरात तिची धाकटी बहीण आली आणि डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, काल ताई आलती सपनात. हसून राह्यलती." पुढं शेजारच्या वहिनींच्या स्वप्नात आली, चहा मागत होती म्हणे. आमची मुलगी शोभा पुलगावला दिलेली आहे, तिच्या स्वप्नात तर दर आठ-पंधरा दिवसांनी. दूधवाल्याच्या आईच्या सुद्धा! सगळे मोठ्या प्रेमानं मला येऊन सांगत. मी ऐकून घ्यायचो. माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नव्हती.

वाचकांना हे पोरकट वाटेल. स्वप्न म्हणजे मेंदूचा खेळ, हे मलाही कळतं. पण रोज रात्री दिवा मालवताना मी वाट पाहायचो आणि रोज सकाळी रिकाम्या हातानं उठायचो. शोभानं एकदा विचारलं, "बाबा, आई तुमच्या सपनात येते का नाई?" मी म्हटलं, येते. दुसरं काय सांगणार? मला ती एकदा दिसायला हवी होती. बोलली नसती तरी चाललं असतं.

दोन वर्षं अशीच गेली. एस.टी.त बसणं मी बंद केलं होतं. शेवटी शोभानंच नागपूरच्या एका यात्रावाल्यांकडे माझं नाव घातलं. "बाबा, तुम्ही घरी बसून बसून कॅलेंडरसारखे झाले, भिंतीले टांगलेले. नेपाळले जाऊन येजा." मी गेलो. १९८२ सालचा नोव्हेंबर महिना होता.

काठमांडूत शेवटचा एक दिवस मोकळा होता. मंडळी बहुतेक जोडप्यांनी आलेली, ती खरेदीला निघाली. माझ्या खोलीत हिंगणघाटचे बोबडे नावाचे एक मास्तर होते. ते म्हणाले, "चाला हो, फोल्डिंगची छत्री घेऊ. बटन दाबलं की उघडते."

"मला छत्री नको, मास्तर."

"छत्री कोणाले पाहिजे? बटन दाबाले चाला!"

मी हसलो, पण गेलो नाही. आदल्या दिवशी यात्रावाल्यांच्या माणसानं सांगितलं होतं की इथं तारेवर चालणारी विजेची बस आहे. त्रिपुरेश्वरहून निघते, भक्तपूरच्या बाजूला सूर्यविनायकाला संपते. शेवटच्या स्टॉपवर गणपतीचं देऊळ आहे. शेवटच्या स्टॉपवर गणपती, हे ऐकल्यावर मला दुसरं काही ठरवायचं राहिलंच नाही. म्हटलं, कुंदाची सहल आपण करून येऊ.

मी जन्मात एकटा परक्या शहरात फिरलो नव्हतो. पण काठमांडूत एक गंमत आहे — देश परका, पाट्या मात्र देवनागरीत. वाचता सगळं येतं, कळतं निम्मं. 'यहाँ थुक्न मनाही छ' वाचून मी एकटाच हसलो. घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा दहा मिनिटं पुढं असे. मी ते आल्या दिवशीच लावून घेतलं होतं. आधी तीनचाकी टेम्पोनं रत्नपार्कपर्यंत गेलो, तिथून विचारत विचारत त्रिपुरेश्वरला. थंडी चांगलीच होती. शोभानं विणलेला तपकिरी स्वेटर अंगात होता, तरी हात खिशातून काढवत नव्हते.

बस उभी होती. डोक्यावर दोन लांब दांडे, ते वरच्या तारांना टेकलेले. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. लोक चढत होते. मी माझ्या सवयीप्रमाणे सगळ्यात शेवटी चढलो.

आता पुढचं मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो.

बस भरली होती, दहा-बारा माणसं उभी होती. मधल्या भागात दोघांच्या एका बाकावर कोणीच नव्हतं. खिडकीची जागा रिकामी, आणि अलीकडच्या जागेवर एक पांढरी दस्ती पसरलेली. ती कुंदाची होती असं मी म्हणणार नाही. पांढऱ्या दस्त्या जगात लाखो आहेत. मला फक्त मजा वाटली, की अरे, इथंसुद्धा दस्ती टाकतात! आपल्या एस.टी.चा कायदा हिमालयापर्यंत पोचला आहे! आणि कायदा म्हणजे कायदा. कोणीतरी जोडपं खाली काही घ्यायला उतरलं असेल असं समजून मी त्या बाकाला टेकून उभा राहिलो. मनात म्हटलं, कुंदे, तुझ्यासारखं कोणीतरी इथं पण आहे बघ.

बस सुटली. जोडपं आलं नाही.

एक लठ्ठ गृहस्थ पिशवी घेऊन बसायला वाकले, मग एकदम सरळ झाले आणि पुढं निघून गेले. थोड्या वेळानं एक कॉलेजचा तरुण दस्तीला हात लावणार, तोच ओशाळून मागं सरला. बाणेश्वरच्या पुढं एका टोपीवाल्यानंही तेच केलं. मला या लोकांचं कौतुक वाटलं. आपल्याकडे मालक जागेवर नसता तर दस्ती खाली टाकून केव्हाच बसले असते. मलाही बसावंसं वाटत होतं, गुडघे बोलायला लागले होते. पण दुसऱ्याची धरलेली जागा... जमलं नाही. मी बाहेर पाहत राहिलो. भाताची कापणी झालेली शेतं, घरांच्या खिडक्यांना टांगलेल्या लाल मिरच्यांच्या माळा, आणि उत्तरेला बर्फाची रांग. ती रांग दिसली तेव्हा कुंदा असती तर काय म्हणाली असती, हाच विचार मी करत होतो. तेरा-एक किलोमीटरचा रस्ता असेल. मी तो उभ्यानं केला.

सूर्यविनायक आलं. सगळे उतरले, मी शेवटी. उतरण्यापूर्वी सहज मागं पाहिलं तर बाकावर दस्ती नव्हती.

खाली एक म्हातारे गृहस्थ माझी वाट पाहत थांबले होते. काळी टोपी, जुना कोट, गळ्यात मफलर. त्या बाकाच्या मागच्या बाकावर बसलेले मी त्यांना पाहिलं होतं. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहब, झगड़ा हो गया क्या?"

"किससे?"

"श्रीमतीजी से. घरवाली से."

मी म्हटलं, "मेरी घरवाली नहीं है."

ते हसले. "गुस्सा में सब ऐसा बोलता है. हम भी बोलता था."

मला काही कळेना. ते मात्र वडिलकीनं बोलतच राहिले. "पूरा रास्ता आपके लिए जगह रखा उसने. तीन आदमी को उठाया. हम पीछे बैठा था, सब देखा. और आप बगल में खड़ा है, बैठता नहीं. वो आपको देखता है, आप बाहर देखता है. ऐसा नहीं करना, साहब."

"आपको गलतफहमी हुई है. वो सीट तो खाली थी."

त्यांचा चेहरा जरा कठोर झाला. मी बायकोवरचा राग अजून चालवतो आहे असंच त्यांना वाटलं असणार.

"खाली? खिड़की में बैठा था वो. हर आदमी को हाथ करके बोलता था. आपका ही बोली होगा. पूरा समझ नहीं आया... मानुस, मानुस बोलता था. हमारे में भी मानिस बोलता है, उतना समझा." मग आठवून, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "मानुस... येऊन... रायला."

पुण्या-मुंबईचा माणूस 'येतोय' म्हणेल. 'येऊन राह्यला' म्हणायला आमच्याकडचंच असावं लागतं. आणि त्या बसमध्ये मी एक अक्षर मराठी बोललो नव्हतो. जे काही म्हटलं होतं ते मनात.

"किधर गई?" मी विचारलं.

"आगे उतर गया. मंदिर तरफ गया होगा. आप उतरने में बहुत देर करता है." जाता जाता ते थांबले. "एक बात बोलूँ, बुरा नहीं मानना. इतना ठंडा में उसके बदन पर खाली एक पतला साड़ी था. पूरा टाइम हाथ ऐसे-ऐसे कर रहा था." त्यांनी तळहात एकमेकांवर घासून दाखवले. "आप तो स्वेटर पहना है. औरत लोग माँगता नहीं है, साहब."

मी पळालो. पन्नाशीला आलेला माणूस, दुखरे गुडघे, आणि देवळाच्या त्या चढाच्या पायऱ्या. वाटेत स्वेटर काढून हातात घेतला. वर बायकांची गर्दी होती. एकेकीच्या तोंडाकडे पाहत सुटलो, एका बाईनं रागानं पदर ओढून घेतला तेव्हा भानावर आलो. बायकोला चारचौघांत मोठ्यानं हाक मारायची आमच्यात रीत नाही, मी कधी मारली नव्हती. तिथं मारली. "कुंदा! ए कुंदा!" झाडांवरची माकडं तेवढी पळाली. लोक थांबून पाहायला लागले. स्वेटर हातात धरून मी एका पायरीवर बसलो आणि दोन वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं. किती वेळ रडलो ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलं नाही.

म्हातारे गृहस्थ मागून चढून आले होते. आता त्यांना काहीतरी उमगलं असावं. ते शेजारी बसले. मीच विचारलं, "आप महाराष्ट्र में कभी थे? नागपूर, वर्धा, पुलगाव?" ते देहरादूनला फौजेत होते, दिल्लीच्या खाली कधी उतरले नव्हते. वर्धा हे नावही त्यांनी ऐकलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये मी पहिला चढलो. आयुष्यात पहिल्यांदा. तीच बस होती की दुसरी, मला सांगता येत नाही. मधल्या भागातला तसाच बाक पाहिला, अलीकडच्या जागेवर बसलो आणि खिडकीच्या जागेवर स्वेटर ठेवला. कोणी आलं की मी म्हणायचो, "माणूस आहे." त्यांना ते कळायचं. एक बाई मुळ्यांचा भारा घेऊन माझ्याजवळ उभी राहिली. तिलाही म्हटलं, माणूस आहे. तिनं रिकाम्या जागेकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथंच उभी राहिली. बसला हिसका बसला की तिचा भारा माझ्या खांद्यावर यायचा. वाटेतल्या ठिमी गावापर्यंत मी धीर धरला. मग स्वेटर उचलला आणि पाय आखडून तिला आत जाऊ दिलं. ती बसली, हुश्श केलं, आणि भाऱ्यातला एक मुळा काढून माझ्या हातात दिला. त्रिपुरेश्वरपर्यंत मी तो धरून बसलो होतो.

माझ्या स्वभावाप्रमाणे मी सगळ्या शक्यता तपासल्या. आमच्या यात्रेतली एखादी बाई असेल का? संध्याकाळी चौकशी केली. सगळ्या बायका एकत्र खरेदीला गेल्या होत्या, बोबडे मास्तरांच्या देखत. दुसरं एखादं वऱ्हाडी जोडपं असेल? असेल, पण मग तिचा माणूस कुठं होता? ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. आणि खिडकीत बाई होती तर मला कशी दिसली नाही? मी हातभर अंतरावर उभा होतो. म्हाताऱ्यांना भ्रम झाला म्हणावं, तर भ्रमात त्यांना सेलू तालुक्याची बोली कुठून आली? आणि ते तिघे? त्यांना कोणी उठवलं? यापुढं माझी अक्कल चालत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. वाचकांपैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवावं, मी मोकळ्या मनानं वाचेन. स्वप्नात ती त्यानंतरही आलेली नाही.

ही हकिगत मी आजवर फक्त शोभाला सांगितली. परत आल्यावर पुलगावला तिच्याकडे गेलो होतो. ती ओट्यावर भाजी निवडत होती. पहिल्यापासून सगळं सांगितलं. म्हाताऱ्यांचं ते वाक्य सांगितलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून हसली, खरंच हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"आईच होती थे," ती म्हणाली. "दुसरं कोण उठवते तीन-तीन जणांले!"

तिनं ताट बाजूला सारलं. मग लहान असताना विचारायची तशा आवाजात तिनं विचारलं, "पण बाबा... तुम्ही बसले काऊन नाई?"

मी म्हटलं, "मले वाटलं, दुसऱ्या कोणाची जागा हाये."